चर्चा धारदार, चाकू बोथट

गेल्या वर्षीच्या आपल्या पिकनिकला बॅनरची नायलॉनची दोरी कापायची होती. काम एवढंच. पण "चाकू आहे का कुणाकडे?" असा पुकारा झाल्याबरोबर चार गृहस्थांचे हात खिशात गेले आणि चार घडीचे चाकू बाहेर आले. त्यातला एक हात माझा. चारही चाकू अंगठ्याने 'टक्' करून उघडणारे, आणि चौघांच्या किमतीची बेरीज केली असती तर त्या दिवशीचं निम्मं जेवण त्यात निघालं असतं. दोरी मात्र तशीच राहिली. कारण पहिल्या चाकूवाल्याने दुसऱ्याला विचारलं, "तुझं स्टील कोणतं?"

झालं! पुढची वीस मिनिटं एस-३०-व्ही, डी-२, मॅग्नाकट, रॉकवेल कडकपणा, पावडर मेटलर्जी. चौघंही सॉफ्टवेअरवाले, भट्टीजवळ आयुष्यात कुणी उभं राहिलेलं नाही. शेवटी मी मोठ्या रुबाबात पातं दोरीवर ठेवून ओढलं, तर ते दोरीवरून घसरत गेलं. दुसऱ्याचंही तेच. तेवढ्यात जेवणाच्या टेबलावरच्या एका काकू आल्या, पर्समधल्या कात्रीने दोरी कापली आणि "चला, पुऱ्या गार होतायत" म्हणून निघूनही गेल्या.

वीस मिनिटांत 'स्टील कोणतं?' हा प्रश्न निदान दहा वेळा विचारला गेला. 'धार कधी लावलीस?' हे एकदाही कुणी विचारलं नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे, आणि तो मी भांडायच्या तयारीनेच लिहितो आहे. काही मित्र दुखावतील. त्यांनी यंदाच्या पिकनिकला येऊन भांडावं.

माझं म्हणणं असं, की पाकीट फोडायला, सफरचंद चिरायला, दोरी कापायला रोज खिशात बाळगायचा जो चाकू, त्याच्या स्टीलच्या नावावर आपण जो पैसा आणि जी हुशारी खर्च करतो, ती बहुतेक वाया जाते. आणि नुसती वाया जात नाही, तर ती आपल्याला धार लावण्यापासून सुट्टी देते. 'भारी स्टील घेतलंय, आता बघायला नको.' नुकसान आहे ते इथे.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. माझ्या टेबलाच्या खणात अकरा चाकू आहेत. प्रत्येक वेळी 'हा शेवटचा' असं बायकोला सांगून घेतलेले. पोलादांच्या घटकांचे तक्ते मी एक्सेलमध्ये करून ठेवले होते. कार्बन किती, क्रोमियम किती, व्हॅनेडियम किती. आमच्या धंद्याचा रोगच आहे हा. एके काळी आपण कॉम्प्युटर गिगाहर्ट्झ मोजून विकत घेत होतो, आठवतं? मग २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ काढायचा बेत रद्द केला, आणि नुसता घड्याळाचा आकडा वाढवून यंत्र शहाणं होत नाही हे सगळ्यांनीच मुकाट्याने मान्य केलं. मी त्या धंद्यात असूनही तोच खेळ चाकूंबाबत नव्याने खेळलो.

आता जरा पोलादाबद्दल, कारण न समजून घेता शिव्या घालणं बरं नाही.

चाकूच्या पोलादाकडून आपल्याला मुख्यतः चार गोष्टी हव्या असतात: धार टिकावी, पातं तुटू नये, गंजू नये, आणि पुन्हा धार लावताना जीव जाऊ नये. या चार गोष्टी एकमेकींच्या सवती आहेत. धार टिकवायची तर पोलादात कार्बाइडचे कठीण कण जास्त हवेत. पण हे कण जितके जास्त आणि जितके मोठे, तितकं पातं ठिसूळ आणि धार लावणारा घामाघूम. एस-३०-व्ही हे पोलाद क्रूसिबल या कंपनीने २००१ च्या सुमारास खास चाकूंसाठी आणलं. त्यात साधारण १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. त्याचाच मोठा भाऊ एस-९०-व्ही, त्यात व्हॅनेडियम ९ टक्के. व्हॅनेडियमचं कार्बाइड हे आपल्या नेहमीच्या धार लावायच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असतं. म्हणजे दगड चाकूला घासतो की चाकू दगडाला, हाच प्रश्न! ४ टक्क्यांपर्यंत नेटाने जमतं. ९ टक्क्यांना हिऱ्याची पट्टीच लागते. चाकू विकताना ही गोष्ट कुणी पुढे होऊन सांगत नाही. धार खूप दिवस टिकते हे खरं. पण ती गेली की जी जाते, ती आपल्यासारख्यांच्या घरी परत येत नाही.

डी-२ चं तर नाव ऐकलं की मला माझा मामा आठवतो. मामा भोसरीला एका टूलरूममध्ये होता. पंच आणि डाय करण्यात त्याची हयात गेली. अमेरिकेत ज्याला डी-२ म्हणून चाकूच्या पात्यावर मिरवतात, तेच तिकडे 'एचसीएचसीआर' या नावाने गोण्यांच्या ढिगाशेजारी पडलेलं असायचं: हाय कार्बन, हाय क्रोम. पत्रा कापायच्या डायचं पोलाद ते. दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम. आमच्या चौघांपैकी एकाचा डी-२ चा चाकू पात्याच्या टोकाशी गंजला, तेव्हा तो चिडून म्हणाला, "साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम म्हणजे स्टेनलेस ना? फसवलं!" फसवलं कुणीच नाही. १२ टक्क्यांतलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कणांत अडकून बसतं. गंज थोपवायला जे मोकळं लागतं ते उरतं कमी. तक्त्यातला आकडा खरा, पण तो कामावर हजर नाही. ऑफिसात अशी माणसं आपण पाहतोच.

या मामाचा स्वतःचा चाकू होता हॅकसॉच्या मोडक्या ब्लेडचा. मुठीला काळी इन्सुलेशन टेप. शनिवारी संध्याकाळी ऑइलस्टोनवर दोन थेंब तेल टाकून तो त्याला धार लावायचा, आणि रविवारी त्याच चाकूने कैरीपासून सायकलच्या ट्यूबपर्यंत सगळं कापायचा. मागे एका सुट्टीत पुण्याला गेलो असताना मी माझा त्या वेळचा सगळ्यात महाग चाकू त्याला दाखवला. त्याने पातं उजेडात धरलं, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, "पाणी कुणी दिलंय?"

मला आधी कळलंच नाही. पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला कडक करणं. हीट ट्रीटमेंट. स्टेनलेस चाकूचं पोलाद हजार-अकराशे अंश सेल्सियसला तापवतात, झपाट्याने थंड करतात आणि मग दोनेकशे अंशांना पुन्हा शेकतात. यात पन्नास अंश इकडे-तिकडे झाले की उत्तम पोलादाची माती होते. उलट साध्या पोलादाला नीट पाणी दिलं तर ते भल्याभल्यांना लाजवतं. बक या अमेरिकन कंपनीचा ११० नंबरचा घडीचा चाकू १९६४ पासून आहे. त्याचं नेहमीचं पातं आज ४२०-एचसी चं असतं, म्हणजे कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. तक्त्यात पाहिलं तर अगदीच गरीब. पण पॉल बॉस नावाच्या माणसाने त्या कंपनीत पाणी देण्याची जी पद्धत बसवली, तिच्या जोरावर तेच पातं लोक वर्षानुवर्षं शिकारीला वापरतात. पात्यावर पोलादाचं नाव कोरलेलं असतं. पाणी कसं दिलं ते कोरलेलं नसतं, आणि आपण कोरलेलंच तेवढं वाचतो. मामाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने चाकू परत दिला आणि म्हणाला, "आधी धार लाव याला." हेही मी मनावर घेतलं नाही.

दुसरी न कोरलेली गोष्ट म्हणजे धारेचा कोन आणि धारेमागची जाडी. ओपिनेल हा फ्रान्समधल्या साव्वा भागातला चाकू, १८९० पासूनचा. लाकडी मूठ, फिरती कडी, आणि पातं जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड. त्याने सफरचंद कापा. सुरी लोण्यातून जावी तसा जातो. माझ्या खणातला एक 'टॅक्टिकल' चाकू चार मिलिमीटर जाडीचा आहे. पोलाद ओपिनेलच्या दसपट भारी. पण सफरचंद तो कापत नाही, लाकूड फोडावं तसा फोडतो, आणि फोड टणकन उडून सोफ्याखाली जाते. कोणाशी लढायला जायचंय आपल्याला? आपला दिवस जातो ॲमेझॉनची खोकी उघडण्यात.

इथे प्रतिपक्षाचा हुकमाचा पत्ता येतो: "मग त्या चाचण्या खोट्या का?" खोट्या नाहीत. शेफिल्डला 'कात्रा' नावाची संस्था आहे. तिच्या यंत्रात पातं वर धरून कागदाच्या जाड पट्ट्या ६० फेऱ्या कापतात आणि एकूण किती कापलं ते मोजतात. त्या यादीत व्हॅनेडियमवाली पोलादं वर असतात, ते खरंच. पण त्या कागदात ५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूच, मुद्दाम घातलेली असते. वाळूने झिजणं या एकाच गोष्टीची ती परीक्षा. आपला चाकू बोथट होतो तो कधी ताटलीवर आपटून, कधी बाजूला वाकून, कधी खोक्याच्या पिनेवर घासून. आणि ज्या लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने या यंत्रावर डझनावारी पोलादं तपासली, त्यांच्याच आकड्यांतून दिसतं की धारेचा कोन हा पोलादाच्या निवडीइतकाच जड पडतो. एका बाजूचा २० अंशांचा कोन १५ वर आणला तर साधं पोलाद कितीतरी पायऱ्या वर चढतं. हे थॉमस कुणी पोलादाचे विरोधक नाहीत. २०२१ साली आलेलं मॅग्नाकट हे त्यांचंच. आमचे मित्र त्यांच्या पोलादाचं नाव घेतात, पण त्यांनी कोनाबद्दल सांगितलेलं सोडून देतात.

मॅग्नाकटवरून आठवलं. ते पोलाद करणारी ही क्रूसिबल कंपनी न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजची. तिने २०२४ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. (पुढे २०२५ मध्ये तिची मालमत्ता एरास्टीलने घेतली.) त्या आठवड्यात आमच्या एका मित्राने तीन चाकू मागवले, 'आता मिळणार नाहीत' म्हणून. तिन्ही अजून डबीत आहेत. एकाचंही पातं अजून एका लिंबाला लागलेलं नाही.

तीच गत त्या लाटालाटांच्या 'दमास्कस' पात्यांची. दख्खनच्या मूळ वूट्झ पोलादाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. दोन तऱ्हेच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून आम्लात बुडवले की ती नक्षी उमटते. दिसते छान. पण 'हे आपल्या पूर्वजांचं' म्हणून कुणी छाती फुगवून दाखवायला लागलं की मी चहा आणायला जातो.

आता ज्यामुळे हे सगळं लिहावं लागलं ते सांगतो.

माझी मुलगी स्काउटमध्ये होती. २०१९ पासून मुलींचीही पथकं निघाली, त्यातल्या एका पथकात. तिथे 'टोटिन चिप' नावाचं कार्ड मिळवल्याशिवाय चाकू बाळगता येत नाही. चाकू कसा धरायचा, कसा द्यायचा, त्याची निगा कशी राखायची हे दाखवावं लागतं. तिने ते मिळवलं आणि मी खूष होऊन तिला चाकू दिला. स्कार्लेट रंगाचा लाल बिनमहत्त्वाचा स्विस चाकू तिला हवा होता. पण मी बाप, तज्ज्ञ! मी दिला व्हॅनेडियमवाला, दीडशे डॉलरच्या वरचा. दीड वर्ष तिने तो वापरला. एका शनिवारी सकाळी ती त्याने बेगल कापत होती. पातं कवचावर घसरत होतं म्हणून तिने जोर केला, आणि ते सटकून डाव्या तर्जनीवर आलं. चार टाके पडले.

तिथल्या नर्सने विचारलं, चाकू कसा होता? आणि मी, शपथेवर सांगतो, म्हणालो, "खूप चांगल्या स्टीलचा आहे."

गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आम्हाला शिकवलं होतं धार लावायला. बोथट चाकू जास्त डेंजरस असतो म्हणून. तूच म्हणालास ना, ह्याला लागत नाही?"

म्हणालो होतो. तिने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मी तिला कार्बाइडवर भाषण दिलं होतं. त्या रात्री मी तो चाकू आमच्या स्वयंपाकघरातल्या दगडावर घासायला बसलो. तासाभरात दगडाला खळगा पडला, चाकूला धार आली नाही.

आपल्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. आजीची विळी साध्या लोखंडी पात्याची. वांगं चिरलं की काळं पडायचं, म्हणून ती फोडी लगेच पाण्यात टाकायची. काम झालं की विळी पुसून, कोरडी करून, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवून ठेवायची. चाक खांद्यावर घेऊन धारवाला गल्लीत ओरडत आला की सगळ्या आळीतल्या विळ्या आणि अडकित्ते बाहेर. आणि तो नाही आला तर कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी चार वेळा घासायची. माझी आई इथे आली तेव्हा तिने माझ्या कॉफीच्या मगावर हेच केलं आणि मी तिला 'अगं, कोन बिघडेल!' म्हणून ओरडलो. कोन काय बिघडणार होता! धारच नव्हती.

'सगळीच पोलादं सारखी' असं मी म्हणत नाही. समुद्रावर मासेमारीला जाणाऱ्याला न गंजणारं पोलाद हवंच. मॅग्नाकट तिथे शोभतं. गोदामात दिवसाला शंभर खोकी उघडणाऱ्याला एस-३०-व्ही चा खरा उपयोग आहे, कारण पुठ्ठा पात्याला फार झिजवतो. अगदी स्वस्तातलं ८-सीआर-१३-एमओव्ही लवकर बसतं, हेही कबूल. पण आपल्यापैकी किती जण मासेमारीला जातात? आपण जातो कॉस्टकोत.

आपल्यासाठी जी पोलादं खरी, ती तक्त्याच्या खालच्या ओळींत आहेत. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विस चाकूचं पोलाद: कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम १४-१५ टक्के, कडकपणा ५५-५६ रॉकवेल. चाकूशौकीन त्याला 'लोणी' म्हणतात. कार्ल एल्सनरने त्या ऑफिसर चाकूची नोंदणी १८९७ साली केली, आणि तेव्हापासून लोक तो खिशात घालून फिरत आहेत. लवकर बोथट होतो, पण दोन मिनिटांत पुन्हा धार धरतो. ओपिनेलच्या स्टेनलेसचं १२-सी-२७, किंवा १४-सी-२८-एन, ही स्वीडनची पोलादं. दाढीच्या ब्लेडच्या पोलादांची सख्खी भावंडं. त्यांत कार्बाइड थोडं आणि कण बारीक, म्हणूनच धार केसासारखी लागते. जगातली सगळ्यात पातळ धार ज्यांना रोज लागत होती त्या ब्लेडवाल्यांनी व्हॅनेडियम घातलं नाही, यावर आमच्या मंडळींनी जरा विचार करावा.

पंधरा-वीस डॉलरचा चाकू घ्या आणि वाचलेल्यातून दोन बाजूंचा एक दगड घ्या. ४०० आणि १०००. पात्याची कड दगडावर टेकवा, एका बाजूला १५ ते १८ अंश. दोन नाणी पाठीखाली सरकतील एवढं पातं उचललं की छोट्या चाकूला साधारण तेवढा कोन येतो. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला अंगठ्याला तारेसारखी कड लागेपर्यंत. मामा तिला 'बर' म्हणायचा. ती आली नाही तोवर दगड सोडायचा नाही. नव्वद टक्के लोक इथेच कंटाळतात. मग बाजू बदलायची, मग बारीक दगड, मग हलक्या हाताने चार-सहा ओढी, आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे करून पुसायचं. पहिला चाकू बिघडतो. बिघडू दे, वीस डॉलरचा आहे. दोनशेचा असता तर तुम्ही दगड हातातच घेतला नसता, आणि मी तरी घेतला नव्हताच.

मुलीच्या बोटावर अजून पांढरी रेघ आहे. तिने आता स्वतःच्या पैशांनी तो लाल स्विस चाकू घेतलाय, त्याला धार तीच लावते, आणि मला हात लावू देत नाही. खणातले अकरा चाकू मी एकेक करून धारेला लावतो आहे. सात झाले. हिऱ्याची पट्टी आणावी लागली, तिला चाळीस डॉलर पडले. बायकोने पावती फ्रिजवर लावून ठेवली आहे.

यंदाच्या पिकनिकला बार्बेक्यूच्या शेजारच्या टेबलावर मी दोन दगड, पाण्याची बाटली आणि जुना पट्टा घेऊन बसणार आहे, साडेअकरापासून. आपापले चाकू आणा. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, अडकित्ते, विळी असेल तर तीही आणा. फक्त टॉवेलात गुंडाळून आणि गाडीच्या डिकीत ठेवून. त्या कात्रीवाल्या काकूंना मी आधीच सांगून ठेवलंय. बॅनरची दोरी मात्र आधी मला कापू द्या.